लक्ष देण्याचा चेहरा

भूगोलबाईंच्या शाळेत आजवर जे जे यंत्र आलं, ते त्यांच्या धाकट्या दिराच्या हातून आलं.

दीर शाळांना सामान पुरवायचा. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो कॉलेज अर्धवट सोडून नुसता हिंडत होता. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या शाळेत बघ ना याचं काही." बाईंची नोकरी नवी होती, तरी त्यांनी त्या वेळच्या मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला आणि दिराला खडू, डस्टर, नकाशे पुरवायचं काम मिळालं. बोलण्यात तो पटाईत. बघता बघता खडूवरून स्लाइड प्रोजेक्टरवर आला.

तो प्रोजेक्टर बाईंना मनापासून आवडला होता. पडदा नव्हता, म्हणून त्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर चित्र पाडायच्या. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायची, पोरांना बाकांवर उलटं वळवून बसवायचं आणि बटण दाबायचं. भिंतीवर हिमनदी आली की एरवी मासळीबाजार असलेला वर्ग गप्प व्हायचा. त्या भिंतीला खाली ओल होती. एकदा एका पोराने विचारलं, "बाई, हे खालचं पाणी चित्रातलं की आपलं?" त्या प्रश्नावरून बाईंनी पुढचा अख्खा तास बर्फ कसा वितळतो ते शिकवलं. असे तास फार झाले नाहीत. दिवा उडाला. नवा मागितला तर दीर म्हणाला, "वहिनी, हे मॉडेलच बंद झालं आता. दिव्यात काय अडकलात? टीव्ही घ्या की."

टीव्ही आला तो लाकडी कपाटात बसून. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. शैक्षणिक कार्यक्रम लागायचे ते नेमके मधल्या सुट्टीत. किल्ली बाहेर निघायची ती क्रिकेटची मॅच असली तरच. पुढे ते कपाट उघडायचंच बंद झालं आणि कधीतरी उघडलं तेव्हा आत उंदराने पिल्लं घातलेली. गुलाबी, बिनकेसांची, वायरींच्या गुंत्यात वळवळणारी. शिपायाने ती सुपलीत भरून नेली. त्या दिवशी बाईंना डबा गेला नाही.

मग ओव्हरहेड प्रोजेक्टर. त्याचा पंखा घरघरायचा, जळक्या धुळीचा वास सुटायचा, आणि कुणीतरी एकदा लिहून ठेवलेल्या पारदर्शिका वर्षानुवर्षं तशाच पडद्यावर यायच्या, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पोरं त्या चुकाही इमानेइतबारे उतरवून घ्यायची. मग संगणक. त्यांच्यासाठी गालिचा घातलेली, थंड हवेचं यंत्र बसवलेली खोली. आत जायचं तर बूट बाहेर. सगळ्या वर्गाच्या ओल्या मोज्यांचा वास त्या बंद खोलीत कोंडलेला असायचा आणि संगणकांवर मात्र शिवून घेतलेल्या, फुलाफुलांच्या टोप्या. हात लावायचा नाही, बिघडतात. पोरं कागदावर कळफलक काढायची आणि त्या कागदावर बोटं आपटून टाइपिंग शिकायची. परीक्षेत प्रश्न यायचा, 'कळफलकाची सुबक आकृती काढा.' मग आला स्मार्ट बोर्ड. कुणीतरी त्यावर साध्या शाईच्या पेनने लिहिलं. ते काही केल्या पुसलं गेलं नाही आणि पुढे सगळे नकाशे, सगळे सिनेमे, सगळी सूर्यमाला त्या निळ्या डागामागून दिसत राहिली.

प्रत्येक वेळी फीत कापली गेली. प्रत्येक वेळी दीर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. आणि प्रत्येक वेळी रात्री घरी जेवायला आला की नवऱ्याकडे बघून म्हणायचा, "दादा, वहिनींच्या शाळेने मला मोठं केलं." नवरा हसायचा. तो पोस्टात होता, भांडण त्याच्या स्वभावात नव्हतं. बाई वाढत राहायच्या. त्यांना या सगळ्याचा उबग आला होता, पण कुणाचं फार वाईट होत होतं असं त्यांना वाटत नव्हतं. यंत्रं धूळ खात पडायची आणि त्या खडू घेऊन शिकवायच्या. फळ्यावर एका दमात खंड काढण्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं.

निवृत्तीला थोडा काळ राहिला असताना कॅमेरे आले.

दिराने ते शिक्षकांच्या खोलीतच दाखवले. आता त्याच्या हाताखाली दोन तरुण होते, त्यांनी भिंतीवर चित्र पाडलं. कुठल्यातरी परक्या शाळेतला वर्ग. प्रत्येक पोराच्या तोंडाभोवती एक चौकट. कुणाची हिरवी, कुणाची पिवळी, कुणाची लाल.

"हा कॅमेरा फळ्याच्या वर बसतो," दीर म्हणाला. "मूल शिक्षकांकडे बघतंय, डोळे उघडे आहेत, चेहऱ्यावर उत्साह आहे, तर हिरवी. चुळबुळ करतंय, तर पिवळी. इकडेतिकडे बघतंय किंवा पेंगतंय, तर लाल. प्रत्येक तास संपला की आईबापांच्या फोनवर निरोप जातो, तुमचं मूल त्या तासाला किती टक्के हिरवं होतं."

"म्हणजे आमचं पण कळणार," गणिताचे सर म्हणाले. "कुणाचा वर्ग किती हिरवा."

"अर्थात," मोठे सर म्हणाले. मोठे सर म्हणजे आताचे मुख्याध्यापक. अंगाने किरकोळ, पण खुर्ची मोठी म्हणून ते नाव पडलेलं. "त्यासाठीच तर आपण घेतोय."

बाईंनी विचारलं, "खाली मान घालून लिहून घेणाऱ्या मुलाचं काय?"

"त्याला सवलत आहे थोडा वेळ," दीर म्हणाला. "फार वेळ मान खाली राहिली तर मात्र लाल."

"आणि डोळे मिटून विचार करत असेल तर?"

खोलीत हशा पिकला. गणिताचे सर म्हणाले, "बाई, आपल्या शाळेत असलं कुणी सापडलं तर मला दाखवा." दीरही हसला, घरचं माणूस हसतं तसा, आणि पुढच्या चित्राकडे वळला. भिंतीवर आता एकाच मुलीचं तोंड होतं, भिंतभर मोठं, नाकावरचे बारीक फोडसुद्धा दिसणारं. खाली आकडे पळत होते. त्या मुलीला कुणी विचारलं असेल का, असं बाईंच्या मनात आलं. त्या उठून पाणी प्यायला गेल्या.

पोरं हुशार असतात. यंत्राला काय लागतं ते त्यांनी महिन्याभरात ओळखलं. डोळे ताणून उघडे ठेवायचे, भुवया किंचित वर, ओठांचे कोपरे थोडे उचललेले, आणि मधून मधून मान हलवायची. गणिताच्या सरांनी तर हे वर्गात उघड शिकवलं. "माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघायचं," ते सांगायचे, "आणि मी 'म्हणून' म्हटलं की मान हलवायची." त्यांचा वर्ग शाळेत सगळ्यांत हिरवा झाला. इतर शिक्षकही शहाणे झाले. फळ्याकडे वळलं की पोरांची तोंडं सैल पडतात, म्हणून फळ्याकडे वळणंच त्यांनी सोडलं. लिहायचं असेल तर पाठ न वळवता, कडेने, हात मागे नेऊन लिहायचे. मराठीच्या तासाला एखादी रडवणारी गोष्ट असली तर ती गाळली जायची. रडकं तोंड यंत्र पिवळं धरायचं.

बाई मात्र पहिल्यासारख्याच फळ्याकडे तोंड करून खंड काढायच्या. त्यांचा वर्ग पिवळा राहायचा.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे खिडकी म्हणायचे. कारण उघड होतं. तिसऱ्या बाकावर खिडकीच्या कडेला बसायची आणि सगळा वेळ बाहेर बघायची. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली ठेवायची पत्र्याची शेड आणि एक नळ. अभ्यासात ती मध्यमच. पण बाईंच्या तासाला ती अधूनमधून काहीतरी विचारायची, आणि ते विचारताना मान वळवायचीही तिला गरज वाटायची नाही. वाळवंट शिकवताना तिने नळाकडे बघत विचारलं होतं, "बाई, वाळवंट आधी काय होतं?" सगळा वर्ग हसला. बाई नाही हसल्या. त्यांना तो प्रश्न रात्री जेवतानाही आठवत राहिला.

कॅमेऱ्याला असल्या मुलीशी काही देणंघेणं नव्हतं. खिडकी सकाळी लाल असायची, दुपारी लाल असायची, शाळा सुटेपर्यंत लाल.

एक दिवस तिची आई आली. पडद्यांच्या दुकानात ती शिवणकाम करायची. बोटाला चिकटपट्टी, पदराला धाग्यांचे तुकडे. दुकानातून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन आली होती, त्यामुळे खुर्चीवर टेकली ती काठावरच.

"बाई, हिला काय झालंय?" ती म्हणाली. "फोन वाजला की शिवण सोडून बघावं लागतं. लाल, लाल आणि लाल. आमचे मालक विचारतात, एवढा कसला निरोप येतो."

"काही झालेलं नाही तिला," बाई म्हणाल्या. "ती ऐकते. तिची ऐकायची तऱ्हा तशी आहे."

"मग हे खोटं आहे का?" तिने फोन पुढे केला. "शाळाच पाठवते ना हे?"

बाईंनी फोन हातात घेऊन बघितला. शाळाच पाठवत होती.

"मोठे सर म्हणाले, असंच राहिलं तर खालच्या तुकडीत टाकू. म्हणाले, घरी सराव करून घ्या." आई पदराचे धागे उपटत होती. "मी तिला आरशासमोर बसवते आता. रोज अर्धा तास. बघ म्हणते स्वतःकडे. हलायचं नाही, पापणी जास्त लववायची नाही. पहिल्यांदा रडली. आता जमायला लागलंय तिला."

"असं नका करू हो," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमचं बरोबर असेल. पण निरोप तुम्ही थांबवू शकता का?"

"नाही."

"मग," ती म्हणाली, आणि उठली. तिची सुट्टी संपत आली होती.

पुढच्या आठवड्यात खिडकी बदलली. तिसऱ्या बाकावर ती ताठ बसलेली, तोंड समोर. डोळे एवढे उघडे की बुबुळांच्या भोवती पांढरं दिसत होतं. ओठ वर उचललेले. पापण्या लवायच्या नाहीत, म्हणून डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते ती पुसत नव्हती. ते हसऱ्या ओठांच्या कोपऱ्यात जाऊन थांबत होतं. बाई बोलत होत्या आणि ती मान हलवत होती. दुकानात काचेमागे बसवलेली मान हलवणारी बाहुली असते, तशी. बाईंच्या अंगावर शहारा आला. तो दयेचा नव्हता, किळसेचा होता, आणि तो एका लहान मुलीला बघून आला याची त्यांना आणखी किळस वाटली.

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"आज मी काय शिकवलं गं?"

ती तशीच बघत राहिली. चेहरा तसाच, भुवया वर.

"थोडंसं सांग. काहीही चालेल."

"मला नाही येत, बाई."

"ऐकत नव्हतीस?"

"मला चेहरा सांभाळायचा असतो," ती म्हणाली. "त्यात दुसरं काही करता येत नाही."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. एखादं मूल सांगतं ना, हातात दूध आहे म्हणून दार उघडता येत नाही, तसं. बाईंनी तिला जायला सांगितलं. ती दारापर्यंत गेली, वळली, आणि कॅमेऱ्याकडे एकदा बघून मगच बाहेर पडली.

त्या रविवारी दीर जेवायला आला. सोबत बायको नव्हती, घाई होती, म्हणून तो ताटावर बसूनही फोनवरच होता. बाईंनी खिडकीचा विषय काढला. नाव न घेता, शांतपणे, आई कशी आली होती आणि मूल कसं झालंय ते सांगितलं.

"कुठली म्हणता, तिसऱ्या बाकावरची?" दीर म्हणाला. "थांबा."

त्याने फोन ताटाच्या कडेला ठेवला आणि उजव्या हातानेच, जेवत्या हातानेच, बोट फिरवलं. पडद्यावर बाईंचा वर्ग आला. त्यांचा स्वतःचा वर्ग, बाकांवरच्या त्याच रेघोट्या, पोरांची तीच तोंडं. ती त्याच्या बोटाखाली सरकत होती.

"हीच ना?" त्याने दोन बोटांनी खिडकीचं तोंड मोठं केलं. काचेवर तेलाचा ओघळ उमटला, तिच्या गालावर. "छान सुधारलीय की. शाबास."

"हे तुमच्याकडे कसं काय?" बाईंनी विचारलं.

"अहो, गिऱ्हाइकांना दाखवायला लागतं ना. नमुना म्हणून. हिचं आधीचं आणि नंतरचं मी सगळीकडे दाखवतो. लाल होती ती हिरवी झाली. लोकांना एकदम पटतं." तो बोट चाटून पुढचं चित्र काढायला लागला. "आणि तुमचा वर्ग पिवळा आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. परवा संस्थेची मंडळी येणार आहेत, आणखी चार शाळांचे मुख्याध्यापक येणार आहेत. मी थोडं सैल करून ठेवलंय. बघा." त्याने काहीतरी सरकवलं. पडद्यावरच्या पिवळ्या चौकटी भराभर हिरव्या झाल्या. पोरांनी काहीच केलं नव्हतं. कालचीच तोंडं होती ती.

"म्हणजे हे असं वरखाली करता येतं," बाई म्हणाल्या.

"सगळंच करता येतं, वहिनी."

"मग त्या मुलीला आरशासमोर कशाला बसवलं?"

दिराने पहिल्यांदा मान वर केली. तो चिडला नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "वहिनी, मी शिकवणं कधी विकलं? मी शाळेला दाखवायला काहीतरी देतो. इतकी वर्षं तेच देतोय. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

बाई नवऱ्याकडे बघत होत्या. नवरा ताटात बघत होता.

"अहो, काहीतरी बोला," त्या म्हणाल्या.

"जेवण झाल्यावर बोलू," नवरा म्हणाला.

दिराचं बोट अजून काचेवर फिरत होतं, एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर. त्या अर्ध्या ताटावरून उठल्या आणि मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. बाहेर दीर म्हणत होता, "वहिनींना उन्हाचा त्रास झालेला दिसतोय."

पाहुणे आले त्या दिवशी मोठ्या सरांनी सभागृहात मोठा पडदा लावला होता. दाखवायला निवडलेला वर्ग बाईंचा होता. दिराची शिफारस. घरचं माणूस म्हणून. मोठे सर सकाळी दोनदा येऊन सांगून गेले, "बाई, काही वेगळं करू नका. नेहमीसारखा तास घ्या. फक्त आज फळ्याकडे नको."

बाईंच्या मनात वेगळं काही करायचं नव्हतंच. डेल्टा शिकवायचा होता. त्या वर्गात शिरल्या, टेबलावर हजेरी ठेवली आणि वर बघितलं.

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघून हसत होता. एका साच्यातून काढल्यासारखी तोंडं. भुवया वर, दात किंचित दिसणारे, डोळे ताणलेले. बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडायच्या आत पोरांनी माना हलवल्या. त्यांनी तोंड मिटलं. पोरांनी पुन्हा माना हलवल्या. बाई गप्प उभ्या राहिल्या आणि समोरच्या माना हलतच होत्या. न बोललेलं सगळं पोरांना पटत होतं.

"बास," बाई म्हणाल्या. "माना खाली घाला."

कुणी हललं नाही.

"हातांची घडी बाकावर, डोकं त्यावर, डोळे मिटा. सगळ्यांनी. मला तुमची तोंडं बघवत नाहीत."

हे शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. आधी पहिली रांग वाकली, मग हळूहळू सगळी. खिडकी सगळ्यांत शेवटी. वर्गात नुसते केस आणि माना दिसायला लागल्या आणि बाईंना बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. त्या फळ्याकडे वळल्या, पाठ करून उभ्या राहिल्या आणि नदी काढायला लागल्या. काढता काढता बोलत होत्या. डोंगरातून निघते तेव्हा तिच्या अंगात किती जोर असतो, दगड कसे घासत आणते, सपाटीवर आली की कशी रेंगाळते, आणि समुद्राच्या तोंडाशी येऊन हातातलं सगळं ओझं कसं टाकून देते.

बराच वेळ त्यांच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मग घडी घातलेल्या हातांतून, दबलेला, एक आवाज आला. "बाई, तो गाळ कुणाच्यातरी शेतातला असतो का?"

कुणी विचारलं ते कळलं नाही. बाईंनी वळून बघितलंही नाही. "असतो," त्या म्हणाल्या. "वरच्या माणसाचं शेत वाहून जातं, तेव्हा खालच्याला जमीन मिळते."

"मग ती कुणाची?" दुसरा आवाज.

त्याच वेळी सभागृहात पडदा कोरा झाला होता. चौकट काढायला यंत्राला एकही तोंड सापडत नव्हतं. थोडा वेळ त्याने वाट बघितली आणि मग मोठ्या अक्षरांत सांगितलं, 'वर्गात कोणीही नाही.' पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मोठ्या सरांना वाटलं, बाई पोरांना घेऊन मैदानावर गेल्या.

दीर धावत वर आला. दारात उभा राहून त्याने बाकांवर पडलेली डोकी बघितली.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "तोंडं वर करा ना त्यांची."

"भाऊजी, तास चालू आहे. बाहेर व्हा."

"अहो, खाली सगळे बघतायत." तो आत आला, कॅमेऱ्याच्या समोर आला आणि सवयीने वर बघून हसला. खाली पडद्यावर त्याचं एकट्याचं तोंड आलं, भोवती हिरवी चौकट. गणिताच्या सरांनी हे नंतर सगळ्यांना रंगवून सांगितलं. दीर पुढे सरकला आणि पहिल्या बाकावरच्या पोराच्या हनुवटीखाली हात घालून त्याने ते तोंड वर उचललं. पोराने डोळे मिटलेलेच ठेवले होते.

"हात काढा त्याच्यावरून," बाई म्हणाल्या. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला. "आत्ता काढा."

त्याने काढला. बाईंचा असा आवाज त्याने सगळ्या आयुष्यात ऐकला नव्हता. तो गेला आणि बाईंनी उरलेला तास पुरा केला.

यावरून दिराचं काही नुकसान झालं असेल असं कुणाला वाटलं तर तसं झालं नाही. तो खाली गेला, घाम पुसला आणि पाहुण्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, "बघितलंत ना मंडळी? शिक्षकच वर्गाला झोपवत असेल तर तेही आमची यंत्रणा त्याच क्षणी पकडते. आज माझ्या सख्ख्या वहिनींना पकडलं, मी लपवलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चारही शाळांनी कॅमेरे घेतले.

मोठ्या सरांनी बाईंना बोलावून माफी लिहून मागितली. बाई म्हणाल्या, "कशाबद्दल?" सर म्हणाले, "पोरांना झोपवलं." बाई म्हणाल्या, "झोपली नव्हती. प्रश्न विचारत होती." सर म्हणाले, "त्याची नोंद नाही." माफी त्यांनी दिली नाही. वर्ग त्यांच्याकडून काढून गणिताच्या सरांना दिला गेला. बाईंना पहिलीची चिमुकली सोपवली, ज्यांच्या खोलीत अजून कॅमेऱ्याच्या तारा पोचल्या नव्हत्या. घरी दीर येत राहिला. नवऱ्याने अडवलं नाही, आणि बाई त्याच्यासमोर ताट ठेवायच्या नाहीत. दार लावून आतल्या खोलीत बसायच्या. नवरा स्वतः वाढायचा, त्याला डाव नीट धरता यायचा नाही, सांडायचा. त्या विषयावर त्यांच्यात जे बोलायचं होतं ते कधीच बोलून झालं नाही.

खिडकी जिन्यात भेटायची. तिथे कॅमेरा नव्हता. तरी ती बाईंना बघून थांबायची, डोळे मोठे करायची, ओठ वर उचलायची आणि मान हलवायची. बाई 'बरी आहेस का?' विचारायच्या तेव्हाही मान हलवायची आणि 'काय शिकलीस आज?' विचारायच्या तेव्हाही.

शेवटी एका दुपारी मधल्या सुट्टीत बाई त्या पडद्यांच्या दुकानात गेल्या. मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, भिंतीला कापडाचे गठ्ठे, मध्ये शिलाई मशीन. आई मशीनवर होती. तिने बाईंना बघितलं, पाय थांबवले, आणि स्टुलावरचं कापड उचलून त्यांना बसायला जागा केली.

"आता ती हिरवी असते," ती म्हणाली. "एकदम. मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं तिचं."

"हो," बाई म्हणाल्या.

आईने सुई ओवली. बराच वेळ लागला, दोरा सारखा निसटत होता. "बाई, ती घरीही तशीच बघते माझ्याकडे," ती खाली बघतच म्हणाली. "जेवताना. मी बोलते आणि ती मान हलवते. काल माझ्या आईची तब्येत सांगत होते तिला, आजीला दवाखान्यात ठेवलंय म्हणून. सगळा वेळ मान हलवत होती, हसत होती. मग विचारलं, मी काय सांगितलं? तर सांगता येईना. मला भीती वाटली तिची."

"सराव बंद करा," बाई म्हणाल्या. "तो निरोपही बंद करून टाका फोनवरचा."

"तो नाही करता येत. आम्ही किती वेळा उघडून बघतो तेही मोजतात आता. नाही बघितलं तर आईचं लक्ष नाही असं येतं." तेवढ्यात मशीनवरचा फोन थरथरला. तिने सुई दातात धरली, फोन उघडला, बघितला आणि परत ठेवला. "हिरवं," ती म्हणाली आणि तिचे पाय मशीनवर चालायला लागले.

बाई थोडा वेळ बसल्या. मशीनचा आवाज खोलीभर होता. त्या उठल्या, दुकानातून बाहेर आल्या, आणि चार पावलांवर गटार होतं त्याच्या कडेला वाकून थुंकल्या. आयुष्यात त्या रस्त्यावर कधी थुंकल्या नव्हत्या. तोंड पुसून त्या सरळ उभ्या राहिल्या, कुणी बघितलं का ते त्यांनी बघितलं नाही, आणि पहिलीच्या वर्गाची घंटा व्हायच्या आत शाळेत पोचायला हवं म्हणून भराभर चालू लागल्या.